आउटबॉक्समध्ये राहिलेली तारीख

स्तमातियाचं आर्गिरोला. लिहिलं ४ एप्रिल, वाचलं ४ एप्रिल

आर्गिरो,

फेब्रुवारीत आईला जाऊन तीन वर्षं झाली. तू दिवससुद्धा मोजले असशील, मोजण्यात तू पहिल्यापासून हुशार. गावच्या कार्यालयाच्या भिंतीवर कबरस्तानाची यादी लागली आहे. मीच टाइप केली, मीच डकवली, इथे दुसरं आहे कोण? तिच्यात चौथं नाव आईचं आहे. म्हणजे आता हाडं काढायची, धुवायची, पेटीत घालून अस्थिघरात ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. पुढचा कोण ते विचारू नकोस. कॅप्टन याकुमिस दर सोमवारी स्वतःच माझ्या खिडकीशी येऊन उभा राहतो. "स्तमातिया, मला घाई नाही," म्हणतो, "पण समुद्राकडची एखादी मोकळी होतेय का, तेवढं बघून ठेव." छाती वाजते त्याची, पण मिशीला तेल लावून येतो.

तर मुद्द्यावर येते. आईच्या चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आलीस तेव्हा तू धक्क्यावर अख्ख्या गावासमोर माझ्यावर ओरडलीस, आणि तुझं ओरडून झाल्यावर मी तुला एक शब्द दिला: हाडं काढताना तू असशील, तू आल्याशिवाय मी कुदळ लावू देणार नाही. तो मी पाळतेय. शनिवार, २५ मे ठरवू का? खणणारा सिदेरिस मोठ्या बेटावरून आदल्या दिवसाच्या बोटीने येईल. चर्चच्या धर्मगुरूला, पापा निकीतासला, मी सांगितलंय. बेकरीत रजा मिळते का बघ आणि लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच, मला टांगून ठेवू नकोस. आज रात्री मला झोप लागायची नाही.

फोनऐवजी लिहायचं ठरवलं ते बरंच झालं. फोनवर आपण दोघी एकमेकींच्या वाक्यात घुसतो. इथे निदान तुला माझं वाक्य तोडता येत नाही.

एक नवीन डोकेदुखी आहे. मोठ्या बेटावरचा तंत्रज्ञ पांदेलिस येऊन कॉम्प्युटरवर ईमेलचा नवा प्रोग्रॅम घालून गेला. आपल्याकडे वारा सुटला की इंटरनेट जातं आणि मग प्रोग्रॅम तासभर नुसता गोठून बसतो, म्हणून त्याने एक बटण दाखवलंय, 'ऑफलाइन काम'. जोडणी नसली की ते दाबायचं, निवांत लिहायचं, पत्र आउटबॉक्समध्ये पडून राहतं. जोडणी आली की तेच बटण परत दाबायचं, पत्र आपोआप जातं. "अगदी सोपं आहे, बाई," म्हणाला. ते बटण आत्ता दाबलेलं आहे की सोडलेलं, हे माणसाने ओळखायचं कसं, ते मात्र सांगायला विसरला.

तुझी
स्तमातिया

आर्गिरोचं स्तमातियाला. लिहिलं ६ एप्रिल, वाचलं ६ एप्रिल

स्तमातिया,

दोन दिवस लागले. रजा मालकिणीला विचारावी लागते, माझी बेकरी नाही.

२५ मे चालेल. गुरुवारी पहाटे यानिनाहून बस, संध्याकाळी पिरेअसहून बोट, शुक्रवारी दुपारी तिथे. हाडं गुंडाळायचं पांढरं कापड मी आणते, काठाला वेलबुट्टी घालायला आजच बसले आहे. वाइनही मीच आणते, गावच्या दुकानातली ती आंबट घेऊ नकोस. आईची हाडं धुवायला व्हिनेगर नको.

तुझा शब्द मला आठवतोय. मला दुसरंही आठवतंय. आई गेली तेव्हा वाऱ्यामुळे बोटी बंद, मी पिरेअसच्या धक्क्यावर दोन दिवस पिशवी पायाशी घेऊन बसलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला, "झालं." ती पिशवी मी अजून वापरत नाही.

या वेळी मी तिला हातात घेणार आहे. बाकी मला बेटावरचं काही नको, घर नको, ऑलिव्हची झाडं नकोत. तेवढंच हवंय.

आर्गिरो

स्तमातियाचं आर्गिरोला. लिहिलं २९ एप्रिल, वाचलं १७ मे

आर्गिरो, नीट वाच, तारीख बदलली!

सिदेरिसचा हर्निया. गेली चार वर्षं हाताने आत ढकलत फिरतोय, पण आता डॉक्टरांनी त्याला ऑपरेशनसाठी २२ मेची तारीख दिली आहे. पुढे तीन महिने त्याने ओझं उचलायचं नाही. म्हणजे सप्टेंबर, आणि गावचे अध्यक्ष सप्टेंबरपर्यंत थांबायला तयार नाहीत, कारण कबरस्तानात एक जागा शिल्लक आहे आणि म्हातारे अकरा. मी खूप भांडले. शेवटी शनिवार, १८ मे ठरली. त्याआधी ईस्टर आणि ईस्टरनंतरचा आठवडा, त्यात असलं काही करता येत नाही, तुला माहीतच आहे.

म्हणजे तू गुरुवारी १६ला निघ. रजा बदलून घे. मालकीण कुरकुरली तर तिला सांग, आईची हाडं आहेत, पावांचा घाणा नाही.

इथे पवित्र आठवडा सुरू झालाय आणि माझे पाय जमिनीवर नाहीत. अंडी रंगवायची आहेत, चर्चची पितळी भांडी घासायची आहेत, त्यात सकाळपासून वारा. पांदेलिसने शिकवल्याप्रमाणे ऑफलाइन करून लिहितेय. वारा पडला की बटण दाबेन आणि हे जाईल. वेळेत जाईल ना? मी अधूनमधून उघडून बघत राहीन.

उत्तर लगेच पाठव. "हो" एवढं लिहिलंस तरी पुरे.

स्तमातिया

आर्गिरोचं स्तमातियाला. विषय: रजेबद्दल. लिहिलं ३ मे, वाचलं १७ मे

स्तमातिया,

आज गुड फ्रायडे आणि मी पहाटेपासून साडेतीनशे वेणीपाव विणलेत. बोटं वळत नाहीत, म्हणून थोडक्यात.

रजा पक्की झाली. २३पासून २९पर्यंत, मालकिणीने कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलं. बोटीचं तिकीटही काढलं. कापडाचा काठ झाला, आता चारही कोपऱ्यांत आईच्या नावाचं पहिलं अक्षर काढतेय.

तुझं महिनाभर पत्र नाही. तू आणि एक महिना गप्प, म्हणजे आजारी तरी असशील किंवा काहीतरी लपवत असशील. आजारी असलीस तर कळव. लपवत असलीस तर तुझं तू बघ.

ईस्टरच्या शुभेच्छा. चर्चमधली मेणबत्ती घरापर्यंत न विझवता ने. दर वर्षी धावतेस आणि विझवतेस.

आर्गिरो

स्तमातियाचं आर्गिरोला. लिहिलं १० मे, वाचलं १४ मे

आर्गिरो,

मंगळवारी जोडणी आली होती, पाच मिनिटं. तुझ्या पत्राचं नुसतं शीर्षक उतरलं, 'रजेबद्दल'. मी टिचकी मारेपर्यंत जोडणी गेली. आता ते उघडलं की पडद्यावर येतं, 'या पत्राचा मजकूर उतरवलेला नाही'. लाइन संथ म्हणून पांदेलिसने तशी सोय केली आहे म्हणे, आधी शीर्षकं, मजकूर मागाहून. जेवणाला बोलवायचं आणि ताटाचं झाकण काढायचं नाही, अशी सोय!

पण मला मजकूर लागत नाही. रजा मिळाली असती तर विषयाच्या जागी 'येते' असं लिहिलं असतंस. 'रजेबद्दल' म्हणजे रजा नाही. आणि खरं सांगू? मला वाटतं रजेचं निमित्त आहे. तुला माझ्या शेजारी उभं राहायचं नाही.

तीन दिवस मी या खोलीत येरझाऱ्या घालतेय. आज लिहूनच टाकते, नाहीतर फुटेन.

आई सोमवारी पहाटे गेली. बुधवारी सकाळी आठ वाजता बंदरावरच्या अधिकाऱ्याचा इथे, याच टेबलावर, फोन आला होता. वारा पडतोय, संध्याकाळी बोट सुटेल, गुरुवारी दुपारी इथे लागेल. तू त्या बोटीवर असणार हे मला माहीत होतं. पापा निकीतासला मी हे सांगितलं. तो म्हणाला, फेब्रुवारी आहे, थंडी आहे, खिडक्या उघड्या ठेव, एक दिवस अजून थांबू. मारूसो मावशीही म्हणाली, थांब.

मी थांबले नाही. बुधवारी बारा वाजता पुरलं आणि तुला सांगितलं, थांबणं शक्य नव्हतं.

शक्य होतं. मला बसवत नव्हतं, आर्गिरो. दोन रात्री मी तिच्या शेजारी बसले होते आणि काहीतरी उरकून टाकल्याशिवाय माझा श्वास आत जात नव्हता. तू मला ओळखतेस, उकळलेल्या दुधाकडेसुद्धा मला शांत बघता येत नाही. पण हे दूध नव्हतं. हे मी तीन वर्षं कोणाला सांगितलेलं नाही आणि गावानेही माझ्यावर दया करून तुला सांगितलेलं नाही.

आता तू शनिवारी येणार नसशील, तर ती माझीच करणी आहे, असं समजते. आलीस तर मी एक शब्द बोलणार नाही, सगळं तूच कर.

हे पत्र मी परत वाचणार नाही. वाचलं तर खोडेन. इथेच पडू दे, जाईल तेव्हा जाईल.

स्तमातिया

आर्गिरोचं स्तमातियाला. विषय: वाचलं. लिहिलं १५ मे, वाचलं १७ मे

स्तमातिया,

काल रात्री वाचलं. आज पहाटे भट्टीत दोन घाणे जाळले. मालकिणीने माझं तोंड बघून स्वतःच धूर जायला दार उघडलं.

तीन वर्षं मी वाऱ्याला शिव्या दिल्या. अगं, वाऱ्याला! इथे डोंगरातसुद्धा खिडकी आपटली की मी उठून कडी घट्ट लावायचे. आणि तू टेबलावर तो फोन घेऊन बसली होतीस.

मी येणार आहे. रजा मिळाली आहे, ते मी तुला ३ तारखेलाच लिहिलं होतं. २४ला दुपारी पोचते. धक्क्यावर येऊ नकोस, मी माझी चालत वर येईन. मारूसो मावशीकडे उतरेन. शनिवारी, २५ला, सकाळी आईजवळ भेटू. तोपर्यंत मला लिहू नकोस आणि मीही लिहिणार नाही, कारण आत्ता लिहिलं तर असं काही लिहीन की मग त्या शनिवारनंतर आपण दोघी मोकळ्या.

आर्गिरो

स्तमातियाचं आर्गिरोला. लिहिलं १७ मे, दुपारी. वाचलं १७ मे

आर्गिरो,

बेकरीत फोन केला. तू भट्टीपाशी होतीस, मालकिणीने निरोप घेतला: "ईमेल उघड, उद्या आहे." तिला काही कळलं नसेल. तुला हे वाचून कळेल. तुझ्या फोनवर माझा नंबर तूच बंद केलायस, म्हणून लिहितेय, घाईत आहे, चुका सांभाळून घे.

हाडं काढायचं उद्या आहे. २५ला नाही. मी तुला २९ एप्रिललाच लिहिलं होतं. ते पत्र आत्ता, या पत्राच्या जरा आधी, तुला मिळालं असेल. अठरा दिवस ते या खोक्यात पडून होतं आणि मी समजत होते तू वाचून गप्प बसली आहेस. तुझं 'वाचलं' एवढं शीर्षक काल उतरलं तेव्हा वाटलं, सगळं वाचलंय, तारीखही, आणि तरी दुसरा शब्द लिहावासा वाटला नाही हिला.

आज दुपारच्या बोटीने पांदेलिस प्रिंटर दुरुस्त करायला आला. मी त्याला कोटसुद्धा काढू दिला नाही, ओढत कॉम्प्युटरपाशी आणलं. त्याने आउटबॉक्स उघडला आणि म्हणाला, "बाई, हे पत्र तुम्ही उघडलं होतं का?"

"उघडलं होतं म्हणजे? गेलं का ते बघायला नको?"

"निघायला तयार असलेलं पत्र तिरक्या अक्षरांत दिसतं. तुम्ही ते इथे उघडलंत की अक्षरं सरळ होतात. प्रोग्रॅमला वाटतं, बाई अजून लिहितायत. मग जोडणी आली तरी तो ते पाठवत नाही. परत 'पाठवा' दाबावं लागतं. किती वेळा उघडलंत?"

"रोज."

"रोज किती वेळा?"

किती म्हणून सांगू, आर्गिरो? सकाळी आल्याबरोबर, कॉफीआधी, कॉफीनंतर, घरी जाताना दाराला कुलूप लावून परत उघडून. गेलं का, गेलं का, गेलं का. मी बघत होते म्हणून ते जात नव्हतं. आणि ते दुसरं, १० तारखेचं, ज्याला भीतीने मी परत हात लावला नाही, ते वारा पहिल्यांदा पडताच सुटलं. जे कळवायचं होतं ते राहिलं आणि जे मरेपर्यंत कळवायचं नव्हतं ते पोचलं.

पांदेलिसने तुझी दोन्ही पत्रं पूर्ण उतरवून दिली. मी वाचली. तो बाहेर जाऊन उभा राहिला, भला माणूस आहे.

सिदेरिस त्याच बोटीने आलाय, अवजारं घेऊन. प्रार्थनेनंतर वाटायला बायकांनी गहू भिजत घातलेत. उद्या सकाळी नऊ वाजता. सांग, मी काय करू?

स्तमातिया

आर्गिरोचं स्तमातियाला. लिहिलं १७ मे, संध्याकाळी. वाचलं १७ मे

काय करू म्हणून मला काय विचारतेस? यानिनाहून पिरेअसला बसने सहा तास. तुझ्याकडची बोट कालच सुटली, पुढची मंगळवारी. मी उडत येऊ?

करून टाक. लोक जमलेत, गहू भिजलेत, सिदेरिसचं पोट फाटायला आलंय. शब्दातून तुला मोकळी करते. नाहीतरी तुला थांबता येत नाही, मग आता तरी कशाला नाटक?

कापड पोस्टाने पाठवेन.

आर्गिरो

स्तमातियाचं आर्गिरोला. लिहिलं १८ मे, वाचलं १८ मे

आर्गिरो,

कापड पोस्टाने पाठवू नकोस.

सकाळी नऊ वाजता सगळे होते. पापा निकीतास गळ्यात पट्टा घालून, बायका काळ्या रुमालांत, मारूसो मावशी पितळी परात घेऊन, अध्यक्ष घड्याळ बघत. सिदेरिसने हातांवर थुंकी टाकली आणि कुदळ उचलली. मी जाऊन आईच्या थडग्यावर बसले. संगमरवर गार होता, गारवा लगेच हाडांत शिरला.

"स्तमातिया, ऊठ," अध्यक्ष म्हणाले.

"पुढच्या शनिवारी," मी म्हटलं.

"पुढच्या शनिवारी सिदेरिस इस्पितळात असेल!"

"मग मी खणेन. आपल्या आज्या खणत होत्या की स्वतः. सिदेरिसचा बाप या बेटावर यायच्या आधी कोण खणत होतं?"

"हुकूम कार्यालयाचा आहे."

"टाइप मी केलाय. परत टाइप करेन."

ते म्हणाले, तुझी नोकरी. मी म्हटलं, घ्या. मला तीन वर्षं राहिलीत पेन्शनला आणि मी घाबरले होते, तुला खोटं कशाला सांगू? पण उठले नाही. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, बहिणीशी भांडली वाटतं. कोणी म्हणालं, डोकं फिरलं. मग कॅप्टन याकुमिस काठी टेकत पुढे आला. मला वाटलं आता हाही ओरडणार, जागा त्याचीच ना.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "माझ्यामुळे घाई असेल तर मी आठवडाभर थांबतो. मला जमेल."

सगळे हसले. पापा निकीताससुद्धा, पट्ट्याआड. मग त्याने थोडी प्रार्थना म्हटली आणि सगळे खाली गेले. भिजलेले गहू बायकांनी शिजवून आपापल्या घरी नेले.

मी दुपारपर्यंत तिथेच बसून होते. भीती वाटत होती, मी उठले की कोणीतरी परत येईल. बसणं फार कठीण असतं, आर्गिरो. पहिला तास तर मला वाटलं मी ओरडेन. उठून गवत उपटावं, फुलदाणी घासावी, काहीतरी करावं. काही केलं नाही. बसले.

तू शुक्रवारी ये. धक्क्यावर मी येणार नाही, तू सांगितलंयस तसं. आली नाहीस तरी मी त्या शनिवारी खणणार नाही, आणि त्यानंतरच्याही नाही. अध्यक्षांना काय करायचं ते करू दे.

स्तमातिया

आर्गिरोचं स्तमातियाला. लिहिलं ३० मे, वाचलं ३० मे

स्तमातिया,

काल पोचले. आज बेकरी, कंबर धरली आहे, खोरं चालवायची सवय गेली.

त्या शनिवारी आपण दोघी पन्नास शब्दही बोललो नसू. म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते.

मी वर आले तेव्हा तू खोरं घेऊन उभी होतीस आणि एक ढेकूळही हललेलं नव्हतं. मला वाटलं होतं निम्मं खणून ठेवलं असशील. सकाळी सहापासून तू तिथे आहेस असं मारूसो मावशी म्हणाली. तीन तास हातात खोरं आणि तू उभी. मावशी सांगताना रडत होती, म्हणाली, हिला मी आयुष्यात अशी बघितली नाही.

पहिलं खोरं तू मला मारायला दिलंस. आणि लाकूड लागलं, माती मऊ झाली, तेव्हा तू बाजूला झालीस. डोकं मी काढलं. मी हातात घेतलं, कपाळ पुसलं, वाइनने धुतलं, पापा निकीतास म्हणत होता ते मला ऐकूसुद्धा येत नव्हतं. इतकं हलकं. मी ठरवून आले होते की त्या क्षणी तुझ्याकडे बघायचं नाही. बघितलं. तू दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होतीस, लहानपणी मार खाताना धरायचीस तसे.

मग मानेखालची माती चाळताना माझ्या बोटांना बटणं लागली. छोटी, पितळेची, नांगर कोरलेली. चार. एकोणिसाव्या वर्षी मी बेट सोडलं तेव्हा दारामागच्या खिळ्यावर राहिलेला माझा निळा कोट, त्याच्या बाह्यांची बटणं. मला कळेना. मी म्हटलं, "ही इथे कशी?"

तू वर न बघता म्हणालीस, "तू पोचली नव्हतीस. म्हणून तुझा कोट घातला वरून. बाह्या गळ्यात घातल्या होत्या तिच्या."

एवढंच म्हणालीस आणि हाडं पुसत बसलीस. तेव्हा मी बोलले असते तर सगळ्या गावासमोर तिथेच बसून मोठ्याने रडले असते आणि मग धुणार कोण?

रात्री मारूसो मावशीला विचारलं. तिने सांगितलं. त्या बुधवारी बारा वाजता आईची शवपेटी चर्चच्या दारापर्यंत आली होती. तू एकदम म्हणालीस, ठेवा खाली. सहा माणसांनी पेटी पायरीवर ठेवली. तू चढण चढून घरी गेलीस, दोनशे पायऱ्या, कोट घेऊन परत खाली आलीस, पेटी उघडायला लावलीस. पापा निकीतास चिडला, माणसं कुडकुडत होती, कोणाला कळेना बाईचं काय चाललंय. अर्धा तास गेला म्हणे.

तो फोन तू दाबून ठेवलास, ते मी माफ केलेलं नाही. तसा गैरसमज करून घेऊ नकोस. कदाचित करेन, कदाचित नाही, मला अजून माहीत नाही. पण हे तू मला का सांगितलं नाहीस? १० तारखेला एवढं सगळं सांगितलंस, तुझ्या अंगावर येईल ते सगळं. हे का नाही?

तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझी बहीण माझ्यासाठी एक दिवससुद्धा थांबली नाही. ते खरंच आहे. पण अर्धा तास थांबली होतीस.

आर्गिरो